पुढचं ठाऊक नसलेल्यांच्या रांगेत

कामण रोड स्टेशनवर तुम्हाला उतरवून गाडी दिव्याकडे निघून जाते. चिंचोटी–भिवंडी रस्त्यावर कंटेनर एकामागे एक अडकलेत. खड्डा चुकवणारी रिक्षा तुमच्या कोपराला घासून जाते आणि उडालेल्या धुळीत कामणदुर्गाचा माथा पुसट होतो. तरी नजर त्या माथ्यावरच ठेवा. गोदामं जाऊ देत, रूळ जाऊ देत, डांबर जाऊ दे. साडेचारशे वर्षं मागे जाताना धरायला काहीतरी लागतं, आणि इथे न हललेला असा तो डोंगरच आहे.

निघण्याआधी एक अट ऐकून घ्या. जिथे जाल तिथे तुम्ही कोणाला दिसणार नाही, कोणाशी बोलताही येणार नाही. मात्र पुढे काय घडणार आहे ते तुम्हाला ठाऊक असेल आणि समोरच्या माणसाला नसेल. या प्रवासात तुमच्याजवळ सामान म्हणाल तर एवढंच.

१५७२, वसई

धूळ खाली बसते तेव्हा रस्ता नसतो. भातखाचरं, पायवाट, आणि तुंगारेश्वराच्या रांगेवरून थेट खाली आलेलं सागाचं रान. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. कामण त्या मुलखाच्या पूर्वेच्या कडेला. पायवाटेनं उतरत तुम्ही खाडीवर येता. ओहोटी लागली आहे. सागाचे ओंडके भरलेला एक पडाव पाण्याबरोबर पश्चिमेला सुटतोय. ओंडक्यांवर बसून घ्या. वसईत जहाजं बांधतात आणि त्यांना लाकूड लागतं.

वसईत शिरताना आधी ऐकू येतो तो टाक्यांचा ठणठणाट. किल्ल्याची भिंत अजून चढतेच आहे. इथला दगड गोव्याच्या चर्चबांधणीलाही जातो. हे शहर देखणं आहे, पण नुसतं देखणेपण पाहून पुढे जाऊ नका. या मुलखात देवळं पाडली गेली आहेत. ज्यांचे देव हलवावे लागले ती माणसंही याच गल्ल्यांतून डोक्यावर भाजी घेऊन चाललीत, आणि देव आपल्याला विसरला की काय, हा प्रश्न त्यांच्याही घरात आहे. त्यांच्याकडे आपण परत येऊ.

जेझुइटांच्या शाळेतून पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा बाहेर पडतो. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. नाव गोन्सालो गार्सिया. ज्यांच्याकडे शिकला त्या पाद्र्यांबरोबर तो जपानला निघाला आहे. तुम्ही धक्क्यावरच्या गर्दीत त्याच्या आईला शोधता. कुठल्याही बाईचा चेहरा तिचा वाटतो. पंचवीस वर्षांनी हा मुलगा नागासाकीच्या एका टेकडीवर क्रुसावर मरणार आहे, आणि त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, १८६२ मध्ये, त्याला संत जाहीर करतील, हे या धक्क्यावर फक्त तुम्हाला माहीत आहे. ते सांगितलं तर आई त्याला जाऊ देईल? तुम्ही गप्प राहता. तसंही तुम्हाला बोलता येत नाहीच.

१५९३, नागोया किल्ला, हिझेन

मधली एकवीस वर्षं भरभर उलटा. जपानी भाषा त्यानं अशी आत्मसात केली की लोक त्याचं बोलणं ऐकायला थांबत. आठेक वर्षं तो जेझुइटांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबला. त्यांच्या संघात घ्यावं ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. पुन्हा पुन्हा विचारून झाल्यावर तो बाहेर पडला, व्यापारात उतरला आणि त्यात चांगला स्थिरावला. मग मनिलात सगळं सोडून तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. पाद्री नव्हे, साधा बंधू म्हणून.

आणि आता तो जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर उभा आहे. किल्ल्यात सगळीकडे कोरियावरच्या स्वारीची धामधूम. मनिलाहून वकील म्हणून आलेले पेद्रो बाप्तिस्ता स्पॅनिशमध्ये बोलतात आणि वसईचा मुलगा ते जपानीत मांडतो. हिदेयोशीनं १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देशाबाहेर जायचा हुकूम काढलेला आहे. तरी आज तो या पाहुण्यांना राहायची परवानगी देतो. पुढे क्योतोत जागाही देतो. तिथे चर्च उभं राहतं, महारोग्यांसाठी इस्पितळ उभं राहतं.

इथे जरा थांबून पाहा. राजाचा शब्द राजाच्या तोंडून निघतो आणि गोन्सालोच्या तोंडून पाहुण्यांपर्यंत पोचतो. तो शब्द किती दिवस टिकतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळात भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागेल, त्यावरचा माल जप्त होईल. आधी पाद्री पाठवायचे आणि मागून सैन्य, अशी स्पेनची रीत असल्याचं बोलणं दरबारात पोचेल. त्या वर्षाच्या ८ डिसेंबरला पहारेकरी दारात उभे असतील. तीन वर्षांपूर्वी ज्यानं जागा दिली, त्याच्याच हुकमानं.

जानेवारी १५९७, क्योतो

थंडी हाडांत शिरते. वसईच्या हवेत वाढलेल्या माणसाला ही थंडी कशी सोसत असेल, हा तुमच्या मनात येणारा पहिला विचार. चोवीस जण रस्त्यात उभे केलेत. शिक्षा होती नाक आणि दोन्ही कान कापायची. एका सरदारानं ती हलकी करून घेतली, म्हणून आता प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली जाते. मग बैलगाड्यांत बसवून, पुढे शिक्षेचा फलक धरून, त्यांना गावभर फिरवतात. क्योतो झालं की ओसाका, ओसाका झालं की साकाई.

त्यांचे चेहरे नीट बघा. सहा फ्रान्सिस्कन, त्यांतलाच एक आपला. तीन जपानी जेझुइट. त्यांत तेहतीस वर्षांचे पॉल मिकी, उत्तम वक्ते. बाकीचे साधे जपानी गृहस्थ. स्वयंपाकी, कारागीर, इस्पितळातले मदतनीस. लुईस इबाराकी फक्त बारा वर्षांचा. तोमास कोझाकी चौदा-पंधराचा, वडील मिगेल त्याच्याच रांगेत.

तिथून नागासाकी आठशेएक किलोमीटर. भर हिवाळ्यात, पहाऱ्यात, बहुतेक पायी. महिनाभराची वाट. तुम्ही त्यांच्याबरोबर चालू लागता.

पहिले काही दिवस मनात एकच प्रश्न. ज्या देवावर यांनी भरवसा ठेवला तो आता कुठे आहे? चौथ्या-पाचव्या दिवशी पाय सुजतात आणि प्रश्न बदलतो. त्यानं नेमकं काय कबूल केलं होतं? गोन्सालोनं इतकी वर्षं ज्या येशूचा शब्द जपानीत लोकांना सांगितला, त्यानं त्रास होणार नाही असं कधीच म्हटलं नव्हतं. उलट माझ्यामागे येणाऱ्यानं आपला क्रूस उचलावा, असंच तो म्हणाला होता. जगाच्या शेवटापर्यंत सोबत असेन, एवढं मात्र त्यानं शिष्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे सुटकेचं वचन नव्हतंच. सोबतीचं होतं. या रस्त्यावर चालताना तो फरक पुस्तकी राहत नाही. सुटका डोळ्यांना दिसते. सोबत आहे की नाही हे कशावरून ओळखायचं?

उत्तर तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी मिळतं. रांगेची विचारपूस करायला मागून चालत आलेले दोन जण, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को किची, पहाऱ्याला सापडतात आणि कैद्यांतच जमा होतात. चोविसांचे सव्वीस होतात. पुढे मिहारात रात्रीच्या मुक्कामी तोमास आईला पत्र लिहायला बसतो. माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, स्वर्गात तुझी वाट बघतो, धाकट्या भावांकडे लक्ष दे, अशा अर्थाचं. हे पत्र आईच्या हाती पडायचं नाही. वडिलांच्या रक्तानं भिजलेल्या कपड्यांत ते सापडणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोमासला नाही. तो नीट विचार करून लिहितो, कारण पत्र पोचेल असंच तो धरून चालला आहे.

तुम्हाला वाटतं, याच्या कानात एक वाक्य सांगावं. १८६५ मध्ये नागासाकीत घडणारी एक गोष्ट, जिच्याकडे आपण पुढे येऊच. मग रांगेकडे पुन्हा पाहता आणि थांबता. पुढचं कळलं असतं तर यांनी चालायचं कारण बदललं असतं. तो मग हिशोब झाला असता. आत्ता ते चालताहेत ते शेवट माहीत नसताना, ज्यानं बोलावलं त्याला ओळखतात एवढ्या भांडवलावर.

५ फेब्रुवारी १५९७, निशिझाका

ओमुरा उपसागर रात्री होड्यांतून ओलांडून, पहाटे उतरून, ते नागासाकीच्या अलीकडे पोचतात. समुद्राकडे तोंड करून टेकडीवर सव्वीस क्रूस आडवे ठेवलेले. शिक्षेवर देखरेख करणारा अधिकारी तेराझावा हानझाबुरो हा मिकींच्या ओळखीचा. बारा वर्षांच्या लुईसला पाहून त्याला राहवत नाही. धर्म सोड, मी तुला वाचवतो, असं तो सुचवतो. पोरगा नाही म्हणतो आणि आपला क्रूस कुठला ते विचारतो.

परंपरा सांगते की सर्वांत आधी क्रुसावर चढवला तो गोन्सालो. इथे खिळे नाहीत. मनगटांना, घोट्यांना आणि गळ्याला लोखंडी कड्या, अंगाभोवती दोर, बसायला मध्ये एक खुंटी. क्रूस उभे होतात. पॉल मिकी तिथूनच जमलेल्यांशी बोलतात आणि शिक्षा देणाऱ्यांना क्षमा करतात. मुलं स्तोत्र गातात. खाली नागासाकीचे ख्रिस्ती हजारोंनी जमलेत. मग भालेवाले दोघा-दोघांनी पुढे येतात. दोन्ही बाजूंनी, बरगड्यांखालून, तिरके.

तुम्हाला इथून पळावंसं वाटतं. पळू नका, पण उगाच सजवूही नका. या टेकडीवर कुठला चमत्कार घडून कोणी सुटलं नाही. सव्वीसच्या सव्वीस मेले. वचन खरं ठरलं असं त्या दिवशी कोणी म्हणालं असतं, तर ते डोळ्यांना दिसलं नसतं.

मे १७३९, पुन्हा वसई

आता घरच्या बाजूला या, कारण एका गावाची कहाणी ऐकून देवाच्या शब्दाबद्दल बोलू नये.

फेब्रुवारीपासून वेढा चालू आहे. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आहे: वसई हाती आली तर तुझं देऊळ बांधीन. सुरुंग उडतात, तटाला भगदाड पडतं, मराठ्यांची माणसंही फार पडतात, आणि मे महिन्यात किल्ला शरण येतो. नवस फेडला जातो. कामणपासून फार लांब नाही, आजही तुम्ही त्या पायऱ्या चढता. ज्यांचे देव दोनशे वर्षांपूर्वी हलले त्यांच्या घरांत आज दिवाळी आहे. १५३४ पासून मोजलं तर दोनशे पाच वर्षं. त्यांनी वाट पाहिली ती कमी धीराची नव्हती.

त्याच दिवशी त्याच खाडीकाठी दुसऱ्या घरांत काळोख आहे. पोर्तुगीज शिबंदी मानानं बाहेर पडते, बायकामुलं आणि संघांचे पाद्री जहाजांवर चढतात. चर्चच्या घंटा उतरवल्या जातात. त्यांतल्या काही भीमाशंकरासारख्या दूरच्या देवळांत जाऊन टांगल्या जातील. मागे राहतात ते इथलेच शेतकरी, बागायतदार, कोळी. आपला धर्म पाळायची मुभा तहात आहे, पण पाठीशी राज्य नाही, आणि पुढच्या काळात धर्मगुरू म्हणून येतील ते गोव्याकडचे मोजके जण.

तुम्ही एका वाडीच्या अंगणात उभे आहात. संध्याकाळी घरातली म्हातारी सगळ्यांना बसवून जपमाळ सुरू करते. राज्य आलं तेव्हा देव आला होता, की देव राज्याच्या आधीचा आणि नंतरचा? या अंगणाला ते आत्ता शोधून काढायचं आहे. १९९८ मध्ये वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळेल, हे म्हातारीला सांगायची सोय नाही. तिला उद्याचा मणी ओढायचा आहे.

उराकामी, सतराशेतला कुठलाही जानेवारी

नागासाकीजवळचं खेडं. १६१४ मध्ये जपानभर बंदी आली, १६४४ च्या सुमारास शेवटचा पाद्री मारला गेला. त्यानंतर मिस्सा नाही, कबुली नाही, घंटा नाही. नव्या वर्षाच्या सुरुवातीला अधिकारी येतात आणि धातूची एक पाटी जमिनीवर ठेवतात. तिच्यावर येशूची किंवा मरियामातेची आकृती. प्रत्येकानं तिच्यावर पाय द्यायचा. जो देणार नाही तो पकडला जाणार.

समोरचा माणूस पाय देतो. त्याच्या मागची बाई देते. मग तिची सून. रांग पुढे सरकते.

निशिझाकावर तुम्ही मान ताठ करून उभे होतात. इथे मान खाली जाते, आणि खरं सांगायचं तर हीच माणसं तुमच्या जवळची वाटतात. आपल्यापैकी किती जणांनी पाय दिला नसता? सावध व्हा, त्यांच्यामागे घरी चला. दार लागतं. बापजाद्यांनी पाठ करून दिलेली पश्चात्तापाची प्रार्थना ते पुटपुटतात. मग मुलाच्या डोक्यावर पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा करतात, तोही पाद्र्याशिवाय. मग ते एक जुनं बोलणं त्याला सांगतात: बास्तियन नावाच्या धर्मशिक्षकानं मरण्याआधी म्हटलं होतं की सात पिढ्यांनंतर कबुली ऐकणारे पाद्री समुद्रावरून येतील.

दर वर्षी पाय देणारी माणसं दर वर्षी हे वचन पुढच्या पिढीच्या हाती ठेवत राहिली. निष्ठा कुणाची टिकली म्हणायची? यांची तर दर जानेवारीला मोडत होती. टिकली असेल तर ती वचन देणाऱ्याची. गोन्सालोच्या क्रुसाकडे पाहून हे सहज निसटतं. तिथे माणसाचं धैर्य इतकं मोठं दिसतं की देवाचा शब्द त्यामागे लपून जातो. उराकामीत माणसाचं धैर्य संपलेलं असतं आणि तो शब्द उघडा पडतो.

१७ मार्च १८६५, ओउरा

नागासाकीत परदेशी वस्तीसाठी नवं चर्च बांधलं आहे, आणि ते निशिझाकाच्या सव्वीस जणांच्या नावानं. तीनच वर्षांपूर्वी ते संत झालेत, त्यात वसईचा गोन्सालोही. दुपारी पंधराएक खेडूत दारात घुटमळतात. फ्रेंच पाद्री पेतिजाँ त्यांना आत घेतात. एक बाई त्यांच्याजवळ सरकून हळू आवाजात सांगते की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि विचारते, मातेची मूर्ती कुठे आहे? ती उराकामीहून आली आहे. दोनशेवीसहून जास्त वर्षं पाद्र्याशिवाय राहिलेलं गाव असं स्वतःची ओळख देतं.

इथे रडू आलं तर येऊ द्या. पण तुमचं सामान विसरू नका: पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या काही वर्षांत या गावातल्या तीन हजारांहून जास्त लोकांना देशभर हद्दपार करतील आणि सहाशेवर परत येणार नाहीत. १८७३ मध्ये बंदी उठेल. ते उराकामीत मोठं कॅथेड्रल बांधतील. आणि ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब याच खोऱ्यावर फुटेल, आणि इथल्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास जातील.

या बाईला ते सांगायचं का? तोमासला तुम्ही चांगली बातमी सांगायला निघाला होतात, हिला वाईट सांगावीशी वाटते, आणि दोन्ही वेळा लक्षात येतं की त्या बातमीवर काहीच अवलंबून नाही. देवानं शब्द पाळला याचा पुरावा म्हणून १८६५ दाखवलं, तर १९४५ चं काय करायचं? म्हणून तारखांचे पुरावे बाजूला ठेवावे लागतात. चांगल्या वर्षानं वचन सिद्ध होत नाही, वाईट वर्षानं खोटं ठरत नाही. बॉम्बनंतर उरलेल्यांनी ढिगाऱ्यातून कॅथेड्रलची घंटा उकरून काढली आणि त्याच वर्षीच्या नाताळाला वाजवली. त्यांना कोणी कारण समजावून सांगितलं नव्हतं. सोबत सुटलेली नाही, एवढं ते धरून होते.

आज

परत या. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या जुन्या चर्चमध्ये दर वर्षी गोन्सालोचा सण होतो. वाटलं तर तिथे उतरा, नाहीतर सरळ आपल्या घरी. इथे तुमची ती सवलत संपते. उद्या रिपोर्टमध्ये काय येईल, परदेशी गेलेला मुलगा फोन कधी करेल, गेलेली नोकरी परत मिळेल का, यातलं काही तुम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या कुठल्या शतकातून आलेला कोणी तुमच्या शेजारी उभा असेल, सगळं माहीत असूनही गप्प. तुम्ही आता त्या रांगेतले आहात, बघणारे नाहीत.

तेव्हा चांगलंच होईल अशी हमी मागत बसू नका. ती कोणालाच मिळालेली नव्हती. जे कबूल केलं गेलं तेवढंच मागा, सोबत मागा. ती बहुतेक वेळा माणसांच्या रूपानं येते. मागून चालत येऊन कैद्यांत जमा झालेल्या त्या दोघांसारखी. कधी तुम्हालाच कोणाच्या तरी मागून चालावं लागेल. आणि एखाद्या वर्षी धीर सुटला, नको तिथे पाय पडला, प्रार्थना तोंडातून निघेनाशी झाली, तर उराकामीकरांनी केलं तेच करा. घरी या, क्षमा मागा, आणि मुलांना जे सांगायचं ते सांगणं थांबवू नका.